कारण सांगता येईल तेवढाच फेरफार : जुन्या संगणकासाठी कर्नेल बांधू इच्छिणाऱ्यांना

गडचांदूरहून घाट चढून माणिकगडाच्या पहाडावर आलेला संगणक जिवती तालुक्यातील एखाद्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलावर एकदा स्थानापन्न झाला, की तो सहसा दहा-बारा वर्षे तेथून हालत नाही. त्याचा वेग मंदावतो, आतल्या घड्याळाची बॅटरी संपते, नवी कार्यप्रणाली त्याला पेलवेनाशी होते, आणि अशा वेळी एखाद्या उत्साही शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या कानी येते, की लिनक्सचा कर्नेल, म्हणजे यंत्राच्या साऱ्या अवयवांवर हुकमत चालवणारा मूळ गाभा, आपल्या यंत्राच्या मापाने बेतून घेता येतो. तेथून प्रश्नांना आरंभ होतो. कंपायलरला ‘ओ२’ ऐवजी ‘ओ३’ हा पर्याय दिल्याने संगणक दीडपट धावेल काय, असे कोणी विचारतात; मेनूतील पर्यायांपुढे बसून रात्र सरली आणि सकाळी यंत्र सुरूच होईना, अशी कोणाची कैफियत असते; तर नव्या कर्नेलवर पेनड्राइव्हमधील मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू लागल्याने कोणी हवालदिल झालेले असतात.

या सर्वांना एकत्रित उत्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. त्याचे सार आरंभीच सांगून टाकणे बरे. तलाठी ज्याप्रमाणे सबब व दाखला पाहिल्याशिवाय फेरफार धरत नाही, त्याप्रमाणे ज्या बदलाचे कारण आपल्याला एका वाक्यात सांगता येत नाही, तो बदल आपण करू नये. येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे नागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतील.

आधी ठरवा : बांधणीची गरज आहे काय?

कर्नेल नव्याने बांधला म्हणजे संगणक वेगवान होतो, हा समज बहुतांशी भ्रामक आहे. जुन्या यंत्राच्या मंदपणाचे कारण पुष्कळदा अपुरी स्मृती, झिजलेली चकती किंवा जड ब्राउझर यांत असते, आणि त्यावर कर्नेलची बांधणी हा इलाज नव्हे. म्हणून खालील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढाव्यात, आणि जेथे काम भागेल तेथे थांबावे.

1. काहीही न बांधणे. हलके डेस्कटॉप घेणे, अनावश्यक सेवा बंद करणे, शक्य असल्यास चकतीच्या जागी एसएसडी बसवणे.
2. चालत्या कर्नेलला सूचना देणे. एखादा ड्रायव्हर त्रास देत असेल तर तो काळ्या यादीत टाकता येतो. अनेक मूल्ये ‘सिसकंट्रोल’ने किंवा सुरू होतेवेळच्या आज्ञापंक्तीतून बदलता येतात.
3. एकच पॅकेज पुन्हा बांधणे. डेबियनमध्ये एखाद्या आज्ञावलीचा स्रोत ‘ॲप्ट सोर्स’ने उतरवून तेवढीच आपल्या पर्यायांसह बांधता येते.
4. फक्त कर्नेल बांधणे. एखादे उपकरण प्रचलित कर्नेलमध्ये चालत नसेल, स्मृती फारच थोडी असेल, किंवा शिकणे हाच हेतू असेल तर.
5. संपूर्ण प्रणाली बांधणे. जेंटू किंवा फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांचा हा मार्ग. त्याला वेळ, वीज आणि धीर तिन्ही भरपूर लागतात.

आणखी एक गोष्ट निर्णयापूर्वीच ध्यानी घ्यावी. वितरणाने, म्हणजे डेबियन-उबुंटूसारख्या तयार प्रणालीने, दिलेल्या कर्नेलची सुरक्षा-डागडुजी वितरण करते. आपण बांधलेल्या कर्नेलची जबाबदारी आपल्यावर येते आणि नेहमीच्या अद्ययावतीकरणात तो बदलला जात नाही. सबब, बांधायचाच असेल तर ‘लाँगटर्म’ म्हणून जाहीर झालेली आवृत्ती घ्यावी, आणि तिच्या नव्या उप-आवृत्त्या वेळोवेळी बांधण्याची तयारी ठेवावी.

बांधणीपूर्वीची तजवीज

ज्या चंद्रपूर जिल्ह्यात दुर्गापूरचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, त्याच जिल्ह्याच्या पहाडावर वादळी पावसात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा देता येत नाही. आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा तासन् तास पूर्ण भाराने चालणारा जुना प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो किंवा यंत्रच बंद पाडतो. म्हणून खालील तजवीज केल्याशिवाय बांधणीस हात घालू नये.

- वेळ : उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे बांधावे, संगणकाच्या डबीतील धूळ आधी काढावी. बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप मिळाल्यास उत्तम, कारण बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो.
- जागा : वितरणाचा कॉन्फिग, म्हणजे कर्नेलच्या पर्यायांची फाइल, जसाच्या तसा घेऊन, दोषशोधनाच्या माहितीसह बांधल्यास डझनावारी जीबी जागा लागते. ती माहिती ‘कर्नेल हॅकिंग’ या मेनूत बंद केल्यास गरज पुष्कळ उतरते. हा एकच फेरफार जुन्या यंत्रावर सर्वाधिक फळ देतो.
- घड्याळ : तारीख आधी तपासा. जुन्या यंत्रांतील नाण्याएवढी बॅटरी संपली असल्यास यंत्र प्रत्येक वेळी जुन्याच सालात जागे होते, आणि फाइलींच्या वेळांवर विसंबणारी सारी बांधणी गोंधळते. ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ ही इतला दिसली, तर तिचा अर्थ हाच.
- स्रोत : गिटचा संपूर्ण इतिहास उतरवण्याच्या भरीस पडू नये, तो अनेक जीबींचा असतो. एका आवृत्तीची दाबलेली फाइल दीडशे एमबीच्या आसपास असते आणि मोबाइलच्या जोडणीवरही उतरते. तिची स्वाक्षरी पडताळताना ध्यानात ठेवा, की ती स्वाक्षरी न दाबलेल्या ‘टार’ फाइलीवर केलेली असते. आधी ‘एक्सझेड’ उलगडावे, मग रुजुवात करावी. पुष्कळांची पडताळणी येथेच फसते आणि फाइल खोटी असल्याचा नाहक संशय येतो.
- साधने : डेबियनवर ‘बिल्ड-इसेन्शियल’, ‘बीसी’, ‘बायसन’, ‘फ्लेक्स’, तसेच एनकर्सेस, ओपनएसएसएल व एल्फ यांची ‘डेव्ह’ पॅकेजे लागतात. ही सारी जोडणी चांगली असेल त्या दिवशी एकदमच उतरवून ठेवावीत.

सुरुवात कोऱ्या कागदावरून नको

कर्नेलमध्ये दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत, आणि ते एकेक करून वाचत बसणे हा पुरुषार्थ नव्हे. ज्या कॉन्फिगवर आपले यंत्र आज चालते आहे तोच आधारभूत मानावा, आणि त्यातून नको ते कमी करीत जावे.

1. ‘बूट’ निर्देशिकेत चालू कर्नेलची कॉन्फिग फाइल असते. तिची प्रत स्रोताच्या निर्देशिकेत ‘डॉट कॉन्फिग’ या नावाने ठेवा.
2. ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ ही आज्ञा द्या. नव्या आवृत्तीत वाढलेल्या पर्यायांना ती स्वतःच प्रचलित उत्तरे भरते.
3. यंत्राला कधीमधी जोडली जाणारी सर्व उपकरणे आत्ताच जोडा.
4. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ द्या. या क्षणी स्मृतीत नसलेले सारे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे सुटे भाग) ती बांधणीतून वगळते, आणि बांधणीचा वेळ त्यामुळे कित्येक पटींनी घटतो.
5. शेवटी ‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडून मोजके फेरफार हाताने करा.

तिसऱ्या पायरीवर भर देण्याचे कारण असे, की चौथ्या पायरीची आज्ञा आपल्या इच्छा जाणत नाही. ती फक्त त्या क्षणाची हजेरी घेते, आणि जो गैरहजर असेल त्याचे नाव कायमचे कमी करते. पहाडावरील अनेक ठिकाणी मोबाइल यूएसबीने जोडून मिळणारे इंटरनेट हेच एकमेव इंटरनेट असते. तो मोबाइल हजेरीच्या वेळी जोडलेला नसेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नेलमध्ये असणार नाही, आणि तो पुन्हा मिळवण्यासाठी लागणारे इंटरनेटही असणार नाही. म्हणून मोबाइल, पेनड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र, प्रोजेक्टर ही सारी मंडळी जोडून, प्रत्येकाचा एकवार वापर करून, मगच ही आज्ञा द्यावी.

डेबियन किंवा उबुंटूचा कॉन्फिग घेतलेल्यांना आणखी एक अडथळा हमखास येतो. त्या कॉन्फिगमध्ये वितरणाच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा पत्ता लिहिलेला असतो; ते प्रमाणपत्र आपल्याजवळ नसते, आणि बांधणी थोड्याच वेळात थांबते. ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि, असल्यास, ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ या पर्यायांचे मूल्य रिकामे करावे.

कोणते पर्याय काढावेत, कोणते राखावेत

मेनूत प्रत्येक उपकरणापुढे तीन उत्तरे शक्य असतात : ‘वाय’ म्हणजे कर्नेलच्या अंगातच, ‘एम’ म्हणजे गरजेपुरते बोलावता येणारे मॉड्यूल, आणि ‘एन’ म्हणजे नाही. सामान्यतः ‘एम’ हे सर्वांत सुरक्षित उत्तर होय. मात्र ज्या चकतीवर प्रणाली आहे तिचा नियंत्रक आणि तिची फाइल-प्रणाली यांचे मॉड्यूल त्याच चकतीवर ठेवले, तर किल्ली पेटीत आणि पेटी कुलपात अशी अवस्था होते. ‘अनेबल टू माउंट रूट’ म्हणून यंत्र थांबते ते यामुळे. ‘इनिट-आरएएमएफएस’, म्हणजे सुरू होतेवेळी स्मृतीत उतरणारी छोटी तात्पुरती प्रणाली, वापरीत असाल तर ही अडचण त्याच्या हाती सोपवता येते. नसाल तर या दोन्हींना ‘वाय’च द्यावे.

मराठीत काम करणाऱ्यांनी पुढील गोष्टी विशेषत्वाने राखाव्यात.

- फाइलींची मराठी नावे : ‘फाइल सिस्टिम्स’ मेनूतील ‘नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट’मध्ये यूटीएफ-८ चा पर्याय असतो; तो काढू नये. फॅट प्रकारच्या पेनड्राइव्हसाठी यूटीएफ-८ प्रचलित ठेवण्याचा पर्याय वेगळा असतो, तोही पाहावा. आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नचिन्हांचे मूळ बहुधा येथेच असते.
- चित्रपटलाचा ड्रायव्हर : लिनक्सच्या साध्या मजकूर-कन्सोलवर देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नाहीत, ते काम वरच्या स्तरावरील ‘हार्फबझ’सारखी आज्ञावली करते, आणि त्यासाठी चित्रमय पटल लागते. स्मृती वाचवण्यासाठी ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून टाकणारे मराठीलाच मुकतात.
- फाँट व लोकेल : ही कर्नेलच्या बाहेरची बाब असली, तरी छाटलेली प्रणाली बांधताना ‘एमआर-आयएन’ हे लोकेल आणि लोहित देवनागरीसारखा एखादा मुक्त फाँट आवर्जून ठेवावा.

याशिवाय दोन पर्याय जोडावेत, असा माझा आग्रह आहे. ‘लोकल व्हर्जन’मध्ये आपल्या बांधणीला गावाचे नाव व क्रमांक द्यावा, म्हणजे कोणता कर्नेल चालू आहे हे ‘यूनेम’ विचारताच कळते. आणि ‘आयके-कॉन्फिग’ त्याखालील ‘प्रॉक’च्या उप-पर्यायासह चालू करावा, म्हणजे कर्नेल आपला कॉन्फिग स्वतःच्या पोटात बाळगतो आणि मूळ फाइल हरवली तरी ‘प्रॉक’मधून ती परत काढता येते. जो आपले दप्तर स्वतःजवळ ठेवतो, त्याच्यावर पुढे संशोधन करण्याची पाळी येत नाही.

कंपायलरचे पर्याय : थोडक्यात निवाडा

कर्नेल स्वतःचे पर्याय स्वतः ठरवतो. आपण परिसर-चलांत (एन्व्हायर्नमेंटमध्ये) लिहिलेले ‘सी-फ्लॅग्ज’ तो मानीत नाही. त्याच्या मेनूत वेगासाठी ‘ओ२’ किंवा आकारासाठी ‘ओएस’ एवढीच निवड असते, आणि तेवढी पुरेशी आहे. खालील निवाडा इतर आज्ञावली बांधणाऱ्यांसाठी समजावा.

- ‘ओ२’ : शंका असेल तेथे हाच. सर्वाधिक वापरलेला आणि म्हणून सर्वाधिक पारखलेला.
- ‘ओ३’ : काही गणनाप्रधान आज्ञावलींत लाभ, इतरत्र केवळ फुगलेली फाइल, जी लहान कॅशेच्या जुन्या प्रोसेसरवर उलट संथ चालू शकते.
- ‘ओएस’ : जागा किंवा स्मृती अत्यल्प असेल तर.
- ‘ओफास्ट’ आणि ‘फास्ट-मॅथ’ : अपूर्णांकांच्या गणिताचे प्रमाणित नियम शिथिल करून वेग मिळवतात. शिष्यवृत्ती, मानधन किंवा मोजणी यांचा हिशेब जेथे होतो तेथे निषिद्ध.
- ‘मार्च नेटिव्ह’ : ज्या यंत्रावर बांधणी होते त्याच प्रोसेसरच्या आज्ञा वापरतो. तीच आज्ञावली दुसऱ्या, जुन्या यंत्रावर नेली तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून ती तत्काळ कोसळते. एका ठिकाणी बांधून अनेक शाळांत वाटायचे असेल तर हा पर्याय कटाक्षाने टाळावा.
- ‘पाइप’ : तात्पुरत्या फाइली न लिहिता काम पुढे सरकवतो, संथ चकतीवर उपयोगी, पण त्याला स्मृती लागते.
- ‘स्टॅक प्रोटेक्टर’ व ‘फॉर्टिफाय सोर्स’ : हे सुरक्षेचे पहारेकरी आहेत, वेगाच्या लोभाने यांना हटवू नये. ‘फॉर्टिफाय’ तर ‘ओ०’ वर कामच करीत नाही, हेही स्मरणात असावे.

कंपायलरच्या अंतरंगाची जिज्ञासा असणाऱ्यांनी मुंबईच्या आयआयटीतील प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरचे अध्यापन-साहित्य पाहावे. आणि ज्यांना लिनक्सच्या आज्ञांपासूनच आरंभ करायचा आहे, त्यांच्यासाठी त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पातील मराठी पाठ आहेत.

‘मेक’ नावाचा मुकादम

बांधणीचे काम प्रत्यक्ष कंपायलर करतो. पण कोणते काम आधी, कोणते नंतर, आणि कोणते आज करण्याची गरजच नाही, हे ठरवणारा मुकादम म्हणजे ‘मेक’. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो घडवला, त्याचे निमित्त मोठे बोलके आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने मूळ लिखाणातील चूक आधीच दुरुस्त केलेली होती, परंतु ते लिखाण पुन्हा कंपाइल झालेलेच नव्हते. आणि त्या गृहस्थांची सारी सकाळ निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात वाया गेली. ‘मेक’ फाइलींच्या वेळा पाहून ही चूक टाळतो, आणि म्हणूनच घड्याळ चुकलेल्या यंत्रावर तो मुकादमही हतबुद्ध होतो.

या मुकादमाकडून काम घेताना पुढील पथ्ये पाळावीत.

- मजूर किती? ‘जे’ या पर्यायापुढील आकडा म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे. गाभ्यांइतकी संख्या द्यावी असे सांगितले जाते, पण खरी मर्यादा स्मृतीची असते. सी++ मधील मोठ्या आज्ञावलींसाठी प्रत्येक कामामागे २ जीबी स्मृती धरण्याचा जेंटूकरांचा प्रघात आहे. कर्नेल सी भाषेत असल्याने त्याचे कमी जागेत भागते. तरी २ जीबीच्या यंत्रावर ‘जे२’ पलीकडे जाऊ नये.
- ‘किल्ड’ ही अक्षरे दिसली तर कंपायलरात दोष नसून स्मृती संपल्याने प्रणालीनेच त्याला ठार केलेले असते. आकडा कमी करून पुन्हा आज्ञा द्यावी.
- चूक कोठे शोधावी? अनेक कामे एकत्र चालू असता पहिली चूक कित्येक पानांवर गाडली जाते, आणि शेवटच्या ओळीत फक्त तिचे पडसाद असतात. ‘जे१’ देऊन पुन्हा चालवल्यास दोष आपल्या खऱ्या जागी दिसतो. सारा मजकूर ‘टी’ या आज्ञेने फाइलीत उतरवून ठेवावा.
- वीज गेली तर? वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्या; झालेले काम सोडून ‘मेक’ पुढचे हाती घेतो. मात्र वीज अकस्मात गेली असता त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते, आणि तिची वेळ नवी असल्याने मुकादम तिला पूर्ण समजतो. म्हणून शेवटच्या काही मिनिटांतील, तसेच शून्य लांबीच्या ‘डॉट ओ’ फाइली शोधून पुसाव्यात, मग पुढे जावे. संशय राहिलाच, तर ‘मेक क्लीन’ देऊन नव्याने आरंभ करावा. कॉन्फिग त्याने पुसला जात नाही. ‘मेक एमआरप्रॉपर’ मात्र कॉन्फिगही पुसतो, हा भेद विसरू नये.

यादी पहाडावर, बांधणी शहरात

ज्यांच्याकडे एकच दुर्बळ यंत्र आहे त्यांनी त्यावरच बांधणी करावी, असा काही दंडक नाही. टेकामांडव्याच्या वा पाटणच्या यंत्रावर सारी उपकरणे जोडून ‘एलएसमॉड’ची यादी फाइलीत घ्यावी, चालू कॉन्फिगची प्रत घ्यावी, आणि दोन्ही पेनड्राइव्हवर घालून राजुरा किंवा चंद्रपूर येथील एखाद्या परिचिताच्या सशक्त यंत्रावर न्याव्यात. तेथे ‘एलएसमॉड’ या चलाला त्या फाइलीचा पत्ता देऊन ‘लोकलमॉडकॉन्फिग’ चालवता येते, आणि ‘मेक बिनडेब-पीकेजी’ दिल्यास तयार डेबियन पॅकेज हाती येते, जे परत आणून एका आज्ञेने बसवता येते.

निघण्यापूर्वी जुने यंत्र ३२ बिटांचे आहे की ६४ बिटांचे, हे पाहून घ्यावे. शहरातील यंत्र ६४ बिटांचे असल्याने बेसावधपणे त्याच प्रकारचा कर्नेल बांधला जातो आणि घाट पुन्हा चढावा-उतरावा लागतो.

बसवताना परतीची वाट राखा

1. ‘मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल’ आणि नंतर ‘मेक इन्स्टॉल’, हा क्रम पाळा. पॅकेज असल्यास ‘डीपीकेजी’ने बसवा.
2. जुना कर्नेल काढू नका. ग्रबच्या, म्हणजे सुरू होतेवेळी कर्नेल निवडण्याच्या, यादीत नवा व जुना दोन्ही दिसतात याची खात्री करा, आणि यादी काही सेकंद थांबेल अशी मुदत ठेवा.
3. नव्या कर्नेलवर यंत्र सुरू करून जाळे, ध्वनी, प्रिंटर, पेनड्राइव्ह, मराठी नावे, यंत्र निद्रिस्त करून जागे करणे, अशी एकेक बाब तपासा.
4. किमान दोन आठवडे रोजचे काम निर्वेध चालल्यावरच सर्वांत जुना कर्नेल काढण्याचा विचार करा.

नव्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला आपला कर्नेल सुरू होणार नाही. ‘मोकयुटिल’च्या साह्याने स्वतःची किल्ली नोंदवून कर्नेलवर तिची स्वाक्षरी करणे, हा त्यावरचा सरळ मार्ग होय. यंत्र शासकीय असेल, तर बायोसमधील कोणतीही नोंद बदलण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांची लेखी संमती घ्यावी.

फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांसाठी

जिवती तालुक्याच्या सीमेवरील १४ गावांत महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांचा कारभार एकाच भूमीवर चालतो, आणि कोणता कागद कोणत्या दारी दाखवावा हे तेथील रहिवाशाला अचूक ठाऊक असते. फ्रीबीएसडीतही अशी दोन दप्तरे आहेत. ‘मेक डॉट कॉन्फ’मधील नोंद ‘मेक’च्या प्रत्येक कामाला, म्हणजे पोर्ट्समधील आज्ञावलींनाही, लागू होते, ‘एसआरसी डॉट कॉन्फ’मधील नोंद मूळ प्रणालीच्या बांधणीपुरतीच चालते. प्रणालीसाठीचा पर्याय चुकून पहिल्या दप्तरात गेला, तर असंबद्ध पोर्ट्स मोडू लागतात आणि कारण सापडत नाही.

- ‘विदाउट’ने आरंभ होणाऱ्या पर्यायापुढे काय लिहिले आहे, ते प्रणाली वाचतच नाही, नाव असणे हीच संमती. तेथे ‘नो’ लिहिले तरी तो भाग वगळला जातो. पर्याय नको असेल तर ती ओळच काढावी.
- वेळ वाचवण्यासाठी ‘विदाउट क्लँग’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु नंतर ‘डिलीट-ओल्ड’ चालवल्यास असलेला कंपायलरही पुसला जातो, आणि पुढची बांधणी करायला साधनच उरत नाही.
- ‘जेनेरिक’ या मूळ कॉन्फिगमध्ये खाडाखोड करू नये. स्वतंत्र नावाची फाइल करून तीत ‘इन्क्लूड जेनेरिक’ लिहावे, आणि खाली फक्त आपले फेरफार मांडावेत.
- क्रम असा : ‘बिल्डवर्ल्ड’, ‘बिल्डकर्नेल’, ‘इन्स्टॉलकर्नेल’, यंत्र पुन्हा सुरू, मग ‘इन्स्टॉलवर्ल्ड’ आणि ‘ईटीसीअपडेट’. कर्नेल चालतो हे पाहिल्याशिवाय उरलेली प्रणाली बसवू नये.
- मागचा कर्नेल ‘कर्नेल डॉट ओल्ड’ म्हणून राहतो, पण एकाच पिढीपुरता. खात्रीच्या कर्नेलची प्रत वेगळ्या नावाने स्वतः ठेवावी.

आपले हक्क आणि जबाबदाऱ्या

लिनक्स कर्नेल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेला आहे. ही सनद आपल्याला कर्नेल वापरण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क देते. आपण विकत घेतलेल्या राउटरमध्ये किंवा दूरदर्शन-पेटीत लिनक्स असेल, तर त्याचा स्रोत मागण्याचा मार्गही तीच सनद खुला करते. आणि स्रोत या शब्दात बांधणी व स्थापना नियंत्रित करणाऱ्या आज्ञालेखांचाही समावेश आहे, हे तिने स्पष्ट केले आहे. अर्धवट स्रोत हाती ठेवणाऱ्या विक्रेत्याला आपण हे निदर्शनास आणून देऊ शकता.

मात्र हक्क मिळणे आणि तो बजावता येणे, यांतील अंतर या वनप्रदेशाला नवे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, पण स्वतःच्या बांबूसाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ साल उजाडले. यंत्रांतही असेच घडते. स्रोत मिळतो, पण निर्मात्याने यंत्राला स्वतःच्या किल्लीचे कुलूप घातले असेल तर आपण बांधलेला कर्नेल त्यावर चालत नाही. म्हणून यंत्र विकत घेतानाच, आपला कर्नेल बसवता येतो काय आणि कुलूप उघडण्याची सोय आहे काय, हे विचारून घ्यावे.

आपल्यावरही दायित्व येते. बांधलेला कर्नेल आपण शेजारच्या शाळेला दिला, तर आपण वितरक झालो. तेव्हा त्याच पेनड्राइव्हवर त्या आवृत्तीचा स्रोत, आपले बदल आणि कॉन्फिग हे सारे द्यावे. लेखी वचन देऊन स्रोत मागाहून पुरवण्याचीही मुभा आहे, पण ते वचन किमान तीन वर्षे पाळावे लागते, आणि पेनड्राइव्हवर जागा असताना ही उधारी कशाला? फ्रीबीएसडीची सनद याहून सैल आहे. तीत मूळ स्वामित्व-सूचना व अटी कायम ठेवल्या म्हणजे भागते.

शेवटचे काम : फेरफार नोंदवही

बांधणी यशस्वी झाल्यावर बहुतेक जण जेथे थांबतात, तेथे एक काम शिल्लक असते. वहीच्या एका पानावर तारीख, कर्नेलची आवृत्ती, कंपायलरची आवृत्ती, मूळ कॉन्फिग कोठून घेतला, आणि त्यात केलेला प्रत्येक फेरफार त्याच्या कारणासह लिहावा. ‘ध्वनी चालत नव्हता म्हणून अमुक मॉड्यूल’, ‘मोबाइलच्या जोडणीसाठी अमुक’, एवढेच वाक्य पुरते. ज्या ओळीपुढे कारण लिहिता आले नाही, तो बदल पुढच्या बांधणीत मागे घ्यावा.

पहाडावरील शाळांत माणसांच्या बदल्या होतात, यंत्रे मात्र तेथेच राहतात. आपण रुजू झालात तेव्हा आधीच्या माणसाने काय केले होते हे सांगणारे कोणी नव्हते, आणि त्या यंत्रापुढे पहिली रात्र कशी गेली, हे आपल्याला आठवत असेल. त्या पानाची एक प्रत डबीच्या आतल्या बाजूला, पंख्यापासून दूर, चिकटवून ठेवा. नव्याने रुजू होणारा माणूस धूळ झाडण्यासाठी ती डबी कधी तरी उघडेलच.